डॅशबोर्डमध्ये स्वतःचा संगणक बसवायचाय? आधी करंटचं बघा, स्क्रीनचं नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरची २०१३ सालची पेट्रोल हॅचबॅक, कंपनीचा साधा सीडी-यूएसबीवाला २-डिन (दुप्पट उंचीच्या खाचेतला) स्टिरिओ, चार स्पीकर. तो स्टिरिओ काढून जागेवर रास्पबेरी पाय (एकाच बोर्डावरचा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) आणि ७ इंची टचस्क्रीन बसवायची. गाणी, नकाशा, रिव्हर्स कॅमेरा, शिवाय इंजिनचं तापमान आणि आरपीएम, सगळं एकाच पडद्यावर हवं. बोर्ड कुठला घेऊ, स्क्रीन कुठली घेऊ आणि बॅटरी उतरेल का, असे तीन प्रश्न विचारलेत.

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. असे जे प्रकल्प अर्धवट सोडून माझ्याकडे येतात, त्यांत बोर्ड किंवा सॉफ्टवेअर क्वचितच बिघडलेलं असतं. टेबलावर सगळं छान चाललेलं असतं. गाडीत गेलं की सकाळी बॅटरी बसलेली, सेल मारला की पाय रिस्टार्ट, महिन्याभरात मेमरी कार्ड खराब, गाणं लावलं की स्पीकरमधून किंऽऽ आवाज. हे सगळे करंटचे आजार आहेत. म्हणून तुमचा दोन तृतीयांश वेळ आणि बऱ्यापैकी पैसा वीजपुरवठ्यावर जाणार, हे आधीच धरून चाला.

आणखी एक आधी सांगतो. फक्त गाणी, नकाशा आणि फोनचं अँड्रॉइड ऑटोच हवं असेल, तर अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातला तयार अँड्रॉइड स्टिरिओ घ्या, दुपारपर्यंत काम होईल. त्यात कमीपणा काही नाही. पायचा खटाटोप त्याने करावा ज्याला गाडीतल्या माहितीशी खेळायचंय, स्वतःचा पडदा स्वतः आखायचाय. गाडी नवी असेल, म्हणजे एसीची सेटिंग, टायरचं प्रेशर किंवा कंपनीचा कॅमेरा सगळं मूळ स्क्रीनवरूनच चालत असेल, तर त्या स्क्रीनला हात लावू नका; ती काढली की बाकीची यंत्रणाही रुसते. तुमची २०१३ची गाडी त्या मानाने सोपी आहे. स्टिरिओ हा तिथे निव्वळ स्टिरिओच आहे.

आता करंट. गाडीत ‘१२ व्होल्ट’ असतात हे बोलायला ठीक आहे. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर ते १३.८ ते १४.४ वर नेतो. आणि सेल मारताना तेच सात-आठपर्यंत आपटतं, बॅटरी म्हातारी असेल तर आणखी खाली. हे झालं रोजचं. कधीतरीचं म्हणजे, चार्जिंग जोरात चालू असताना बॅटरीचं ढिलं टर्मिनल सुटलं, तर लाइनवर क्षणभर भलताच मोठा व्होल्टेज येतो. त्याला लोड डंप म्हणतात. अल्टरनेटरमध्येच त्याचा बंदोबस्त नसेल तर तो ८०-१०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. शिवाय रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला ट्रकवाल्याने चांगुलपणाने २४ व्होल्टवरून जंप देणं, हाही आपल्याकडचा नेहमीचा प्रकार.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एलएम२५९६ चिपचं निळं छोटं बक कन्व्हर्टर (जास्त व्होल्टेज कमी करून देणारं) चहा-नाश्त्याच्या पैशात मिळतं, आणि बहुतेक जण तेच लावतात. ती चिप कागदावर ४० व्होल्ट आणि ३ अँपिअरची आहे. त्या निळ्या बोर्डावर खरी चिप आहे की कुठली तरी नक्कल, हे तुम्हाला-मला सांगता येत नाही, आणि बंद डॅशबोर्डच्या उकाड्यात त्यातून सलग ३ अँपिअर निघत नाहीत. गाडीसाठीच बनवलेलं, निदान ८ ते ४० व्होल्ट इनपुट घेणारं, ५ व्होल्ट ५ अँपिअरचं सीलबंद कन्व्हर्टर घ्या. सेल मारताना व्होल्टेज आठच्याही खाली जात असेल तर ६ व्होल्टपासून चालणारं शोधा. त्याच्या आधी एसएमसीजे २४ए हा टीव्हीएस डायोड लावा. तो २४ व्होल्टपर्यंत गप्प बसतो, म्हणजे इंजिन बंद असलेल्या ट्रकच्या जंपने तो विनाकारण जळत नाही, आणि त्यावर गेलं की साधारण ३९ व्होल्टच्या वर काही जाऊ देत नाही. त्याच्याही आधी ५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज पायजवळ लावायचा नाही, जिथून लाइन उचलली तिथे लावायचा, कारण तो पायला वाचवायला नसून मधली वायर जळू नये म्हणून असतो. फ्यूजबॉक्समध्ये रिकामी जागा शोधून ‘फ्यूज टॅप’ वापरला की वायर सोलायची गरजच पडत नाही. वायर १ चौरस मिलीमीटरची पुरते.

कन्व्हर्टर पायच्या शेजारी ठेवा. तो बॅटरीजवळ बसवून ५ व्होल्ट दोन मीटर बारीक यूएसबी वायरीतून आणले, तर वाटेतच तीन-चार दशांश व्होल्ट गळतात. पाय ४.६३ व्होल्टच्या खाली तक्रार करायला लागतो, पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. ती वीज दिसली की पुढचं सॉफ्टवेअर तपासणं थांबवा, आधी वायर जाड करा. कन्व्हर्टरवर व्होल्टेज बदलायचा स्क्रू असेल तर लोड जोडलेला असताना ५.१ वर लावा.

बॅटरी उतरेल का? हिशेब बघा. पाय ४ आणि ७ इंची स्क्रीन मिळून दहा-बारा वॅट खातात, म्हणजे बॅटरीकडून साधारण १ अँपिअर. तसंच चालू राहिलं तर दिवसाला २४ अँपिअर-अवर. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे रात्री लावलेली गाडी दुसऱ्या रात्री सुरू होणार नाही. पायला नुसतं ‘शटडाउन’ दिलं तरी प्रश्न पुरता सुटत नाही: कन्व्हर्टर, स्क्रीनचा कंट्रोलर, यूएसबीला लटकवलेली चिल्लीपिल्ली थोडं थोडं पीत राहतात. पाय ५ तर मूळ सेटिंगमध्ये बंद झाल्यावरही एक-दीड वॅट घेतो. ते सेटिंग बदलता येतं, पण बदलायचं असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. आठवडाभर गावाला जाऊन आलात की हे लक्षात येतं.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे पायला सरळ किल्लीच्या लाइनवर, म्हणजे एसीसीवर टाकणं. किल्ली फिरवली की चालू, काढली की बंद. बॅटरी वाचते, पण मेमरी कार्ड मरतं, कारण संगणक लिहीत असताना त्याचा करंट रोज तोडला जातो. शिवाय बहुतेक गाड्यांमध्ये सेल मारताना एसीसी क्षणभर मरते. म्हणजे तुम्ही किल्ली पहिल्या टप्प्यावर नेली, पाय उठायला लागला, सेल मारला की पुन्हा पहिल्यापासून.

बरोबर रचना अशी आहे. कायम चालू असलेली लाइन फ्यूज आणि डायोडमधून कन्व्हर्टरला द्यायची, पण कन्व्हर्टर चालू-बंद करायचा अधिकार एका छोट्या कंट्रोलरकडे ठेवायचा. अर्डुइनो नॅनो किंवा एटीटायनी८५ पुरतो. नॅनो असेल तर त्याचा पॉवर एलईडी काढून टाका आणि त्याला झोपवायचा कोड लिहा, नाहीतर तोच कायम जागा राहून बॅटरी खाईल. हा कंट्रोलर फक्त एसीसीवर डोळा ठेवतो. एसीसी आली की कन्व्हर्टर चालू. एसीसी गेली की लगेच काही करत नाही. दोन मिनिटं थांबतो. या दोन मिनिटांत सेल मारणंही बसतं आणि पेट्रोल पंपावरचा थांबाही बसतो. त्यानंतर तो पायच्या एका पिनला ‘बंद हो’ असा इशारा देतो. पायच्या बाजूला यासाठी जीपीआयओ-शटडाउन नावाचा ओव्हरले (चालू करायची तयार सेटिंग) तयारच आहे, कोड लिहावा लागत नाही. पाय खरोखर बंद झाला की जीपीआयओ-पॉवरऑफ हा दुसरा ओव्हरले एक पिन वर करतो. ती वर गेली की कंट्रोलर कन्व्हर्टर तोडतो. ती कधी वर गेलीच नाही, पाय अडकून बसला, तरी एक मिनिटाने तोडायचंच. हे शेवटचं कलम लोक विसरतात आणि अडकलेला पाय रात्रभर चालू राहतो. हे सगळं स्वतः करायचा कंटाळा असेल तर इग्निशनची वायर घेणारे तयार वीजपुरवठे मिळतात. महाग वाटतात, पण निम्मा प्रकल्प तोच असतो. २००० नंतरच्या दशकात, पाय जन्माला यायच्या आधी, लोक व्हिया कंपनीचे एपिया बोर्ड आणि लिलिपुटच्या ७ इंची स्क्रीन गाडीत बसवायचे, तेव्हाही एम२-एटीएक्स नावाचा असाच पुरवठा त्यांच्या कामी यायचा. बोर्ड किती तरी बदलले, ही गरज आहे तिथेच आहे.

एक पथ्य. १२ व्होल्टची कुठलीही वायर पायच्या पिनला थेट जोडायची नाही. त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एसीसी असो, रिव्हर्स लाइट असो की हेडलाइट लावल्यावर येणारी डिमरची वायर असो, प्रत्येकीला पीसी८१७ हा चार पायांचा ऑप्टोकप्लर (इशारा उजेडाने पलीकडे देतो, वीज जाऊ देत नाही) आणि २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. १४.४ व्होल्टलाही त्यातून सहाच मिलिअँपिअर जातात, म्हणजे रेझिस्टर गरमसुद्धा होत नाही.

मेमरी कार्डाचं म्हणाल तर एवढं करूनही पायची ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ चालू ठेवा. मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही, सगळं रॅममध्ये राहतं. गाणी आणि नकाशे वेगळ्या पेनड्राइव्हवर.

वायरी शोधताना एका गोष्टीत सगळे फसतात. इंटरनेटवर वाचायला मिळतं की पिवळी कायमची, लाल किल्लीची, काळी अर्थ, नारंगी डिमरची. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी स्पीकरची. हे रंग बाजारातल्या स्टिरिओसोबत येणाऱ्या वायरींच्या जुडग्याचे आहेत. गाडीतून येणाऱ्या कंपनीच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. म्हणून रंग बघून जोडायचं नाही, मल्टिमीटर लावून बघायचं. किल्ली बाहेर असताना १२ व्होल्ट दिसतात ती कायमची. किल्ली पहिल्या टप्प्यावर नेल्यावर येते ती एसीसी. पार्किंग लाइट लावल्यावर येते ती डिमरची. प्रत्येक वायर सापडली की लगेच कागदी टेपवर नाव लिहून चिकटवा. आणि तुमच्या गाडीचा कप्लर, म्हणजे स्टिरिओच्या मागे लागणारा वायरींचा जोड, बाजारात मिळतो, दोन-तीनशे रुपयांत. तो आणून त्याच्या वायरींवर काम करा. गाडीचा मूळ कप्लर कापायचा नाही.

डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि निदान पाच-दहा मिनिटं थांबा. गाडीत एअरबॅग असतील तर त्यांच्या सर्किटमध्ये साठलेला करंट तेवढ्यात उतरतो. क्लिपा काढायला स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा सेट मिळतो. आत पिवळा कप्लर किंवा पिवळ्या नळीतली वायर दिसली तर ती एअरबॅगची आहे. तिला मीटरही लावायचा नाही. माइक किंवा जीपीएसची वायर काचेच्या बाजूच्या खांबातून न्यायची असेल आणि तिथे कर्टन (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) एअरबॅग असेल, तर वायर एअरबॅगच्या मागून आणि मूळ वायरिंगला बांधून न्या, पुढून आडवी कधीही नाही.

आता बोर्ड. पाय ५ वेगवान आहे म्हणून सगळे तोच सुचवतात. गाडीसाठी मी अजूनही ४ जीबीचा पाय ४ सांगतो. पाय ५ ला त्याचा स्वतःचा ५ अँपिअरचा, वाटाघाटी करणारा (किती करंट देता येईल हे पायला कळवणारा) अ‍ॅडॉप्टर दिसला नाही तर तो सगळ्या यूएसबीला मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. गाडीतलं कन्व्हर्टर असली वाटाघाट करत नाही. सेटिंगमधून ही मर्यादा उठवता येते, पण मग तेवढा करंट खरंच देण्याची जबाबदारी तुमची. शिवाय फोनचं अँड्रॉइड ऑटो ज्या एच.२६४ स्वरूपात चित्र पाठवतं, ते उलगडणारं हार्डवेअर पाय ४ मध्ये आहे आणि पाय ५ मधून काढून टाकलंय. पाय ५ ते काम प्रोसेसरच्या जोरावर सहज करतो, फक्त जास्त तापतो. आणि तापणं हा तुमच्या गावात विनोदाचा विषय नाही.

मे महिन्यात नागपूरला उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हात टेकवता येणार नाही इतका तापतो. पाय ४ ची अधिकृत मर्यादा भोवतालचे ५० अंश आहे. प्रोसेसर ८० अंशांना वेग कमी करायला लागतो आणि ८५ ला आणखी. म्हणून बोर्ड स्क्रीनच्या मागे चिकटवू नका. ग्लोव्हबॉक्सच्या मागे किंवा सीटखाली ठेवा, स्क्रीनपर्यंत फक्त एचडीएमआय आणि यूएसबी न्या. सीटखाली ठेवणार असाल तर फरशीवर नको, पावसाळ्यात पायपुसणीखाली पाणी साचतं. अ‍ॅल्युमिनियमचं जाड केस पंख्यापेक्षा बरं, कारण आपल्या रस्त्यांची धूळ पंख्याला एक उन्हाळाही पुरू देत नाही. गाडी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं एसीने आत जरा गारवा येईपर्यंत पाय चालू न करणं, हीसुद्धा त्या छोट्या कंट्रोलरला सांगायची गोष्ट आहे. त्याला एक तापमानाचा सेन्सर जोडला की झालं.

फ्रेम थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर प्रिंटवाल्याला पीएलए हे प्लॅस्टिक नको म्हणून ठणकावून सांगा. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. एकाच दुपारी फ्रेम वाकून स्क्रीन पुढे झुकते. एएसए किंवा एबीएस सांगा, ते शंभरच्या आसपासपर्यंत टिकतात.

स्क्रीन घेण्याआधी पट्टी घेऊन मोजा. २-डिनची जागा साधारण १८० बाय १०० मिलीमीटरची असते. टोयोटासारख्या काही जपानी गाड्यांत २०० बाय १००. रास्पबेरीची आपली पहिली ७ इंची स्क्रीन बाहेरून १९४ बाय ११० मिलीमीटर आहे, दिसणारा भाग १५५ बाय ८६. म्हणजे ‘७ इंची म्हणजे २-डिनमध्ये बसणार’ हे गृहीत धरून ती मागवली तर ती खाचेत जाणारच नाही, पुढे तरंगती बसवावी लागेल. काचेच्या कडा नसलेलं नुसतं ७ इंची पॅनेल साधारण १६५ बाय १०० चं असतं, ते जेमतेम बसतं. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून मापाचं ड्रॉइंग मागा. इंचांवर विश्वास ठेवू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजेड. टेबलावरच्या साध्या स्क्रीन २५० ते ४०० निट्सच्या (निट हे उजळपणाचं माप) असतात. दुपारी बाराला त्यांत तुमचाच चेहरा दिसतो. ८०० ते १००० निट्सची घ्या आणि तिला चकाकी मारणारी मॅट फिल्म लावा. आणि पॅनेल आयपीएस जातीचंच घ्या. आपल्याकडे चालक उजवीकडे, स्क्रीन मधोमध, म्हणजे तुम्ही ती कायम तिरकी बघणार. स्वस्त टीएन पॅनेल त्या कोनातून काळपट किंवा उलट्या रंगांचं दिसतं. एवढी उजळ स्क्रीन रात्री डोळ्यांत खुपते, म्हणून ती डिमरची वायर वर सांगितली. पार्किंग लाइट लागले की बॅकलाइट दहा-पंधरा टक्क्यांवर. टच कपॅसिटिव्ह घ्या. बसवल्यावर कोणी हात न लावताही आपोआप टच व्हायला लागलं तर स्क्रीन परत करायला धावू नका. पुरवठ्यात गडबड असली की टच कंट्रोलरला भुतं दिसतात. स्क्रीनला वेगळा ५ व्होल्ट देऊन आधी बघा.

आवाज हा स्वतंत्र विषय आहे, पण थोडं सांगतो. स्टिरिओ काढला की त्यातला अँप्लिफायरही गेला, हे स्क्रीनच्या उत्साहात अनेकांच्या लक्षात येत नाही. पायमधून स्पीकर चालत नाहीत. पायला पीसीएम५१०२ चा किंवा एखादा यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल करणारा बोर्ड, लावा (हेडफोनच्या भोकातून निघणारा आवाज खरखरीत असतो), आणि तिथून टीडीए७३८८ किंवा तसल्या चार चॅनेलच्या अँप्लिफायरला. त्या बोर्डावर ‘४ × ५० वॅट’ लिहिलेलं असेल. १४.४ व्होल्टचा वर्ग भागिले ४ ओहम, झाले ५२. ते पन्नास तिथून येतात, आवाज पूर्ण फाटलेला असतानाचे. स्वच्छ आवाजात २० ते २५ वॅट धरा, आणि कंपनीच्या स्पीकरना तेवढे भरपूर आहेत. या अँप्लिफायरमध्ये स्पीकरची निगेटिव्ह वायर ही अर्थ नसते, तिच्यातही सिग्नल असतो. जुन्या पद्धतीचा इलेक्ट्रिशियन चारही निगेटिव्ह एकत्र करून बॉडीला देतो आणि चिप जळते. त्याच्या शेजारी उभे राहा.

रेस केली की चढत जाणारा किंऽऽ आवाज आला तर तो अल्टरनेटरचा आहे, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: पायचा अर्थ एका जागी आणि अँप्लिफायरचा दुसऱ्या जागी. दोन्ही एकाच बोल्टवर आणा, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा. एवढ्याने न गेल्यास डॅक आणि अँप्लिफायरच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर. अँप्लिफायरची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) पायच्या पिनवरून, पाय पूर्ण उठल्यावर चालू करा, म्हणजे दर वेळी धप्प असा आवाज येणार नाही.

रिव्हर्स कॅमेऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. तो पायमधून नेऊ नका. छाटछूट करूनही पायला उठायला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि घरातून निघताना माणूस किल्ली फिरवून पहिलं काम रिव्हर्स टाकण्याचंच करतो. यूएसबी कॅप्चरचं चित्र थोडं मागे पडतं. मागे लहान मूल आलं तर तो ‘थोडा’ वेळ फार असतो. एव्ही इनपुट असलेला स्क्रीन-कंट्रोलर बोर्ड घ्या, ज्यात रिव्हर्स लाइटची वायर १२ व्होल्टची झाली की तो स्वतःच कॅमेऱ्याच्या चित्रावर जातो. पाय झोपलेला असो, अडकलेला असो की डॅशबोर्डमधून काढलेला असो, कॅमेरा दिसला पाहिजे.

इंजिनची माहिती मात्र पायची खरी मजा. २०१३ पासूनच्या बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे इंजिनची माहिती बाहेर देणारी सोय, आहे, स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट सापडेल. तुमची गाडी त्या सालातलीच असल्यामुळे तिची तारीख आणि सॉकेट दोन्ही बघून घ्या. तिथे ईएलएम३२७ अ‍ॅडॉप्टर लावून ‘०१०सी’ विचारलं की उत्तर येतं, समजा ‘४१ ०सी १ए एफ८’. शेवटचे दोन आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत असतात; आपल्या नेहमीच्या मोजणीत ते २६ आणि २४८. २६ गुणिले २५६, अधिक २४८, भागिले ४: १७२६ आरपीएम. तापमानाला ‘०१०५’ विचारा आणि आलेल्या आकड्यातून ४० वजा करा. एवढंच गणित आहे. दोन गोष्टी सांभाळा. त्या सॉकेटची सोळावी पिन कायम १२ व्होल्टची असते, म्हणजे अ‍ॅडॉप्टर लावून ठेवला तर तोही रात्रभर बॅटरी पितो. आणि फक्त विचारा, लिहू नका. कॅन बसवर, म्हणजे गाडीतले कंट्रोलर आपसात बोलतात त्या तारेवर, अशा प्रश्नांपलीकडे आपण काही पाठवायचं नसतं, ब्रेकचं गणितही त्याच तारेवरून जातं.

स्टिअरिंगवर आवाजाची बटणं असतील तर बहुतेक गाड्यांत ती निव्वळ वेगवेगळे रेझिस्टर असतात. मीटर ओहमवर लावून एकेक बटण दाबा, आकडे लिहून घ्या. एडीएस१११५ या व्होल्टेज मोजणाऱ्या चिपने ते पायला वाचता येतात.

सॉफ्टवेअरसाठी अँड्रॉइड फोन असेल तर ओपनऑटो किंवा त्यावर बेतलेलं क्रँकशाफ्ट बघा. आयफोन असेल तर कार्लिंकिटचा डोंगल आणि त्याच्याशी बोलणारे मुक्त प्रोग्राम. दोन्ही गुगल-अ‍ॅपलच्या आशीर्वादाने चालत नाहीत, त्यामुळे एकदा नीट चाललं की त्या कार्डाची प्रत काढून ठेवा आणि उगीच अपडेट करत बसू नका. चालत्या गाडीत व्हिडिओ दिसणार नाही अशी सोय स्वतःहून करा. जीपीएसचा वेग तुमच्याकडे आहेच.

विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हे सामान इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज म्हणून नोंदवा. न नोंदवलेल्या वायरिंगमुळे आग लागली तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न त्याबद्दलच येतो.

आणि जुना स्टिरिओ विकू नका. हजार-दीड हजाराच्या वर त्याला कोणी देत नाही. काही स्टिरिओंना बॅटरी काढल्यावर कोड मागायची सवय असते. तुमच्याकडे तसा असेल तर कोडचं कार्ड मॅन्युअलच्या पाकिटात आहे का, ते निगेटिव्ह काढायच्या आधी बघा. स्टिरिओ, त्याची पट्टी, स्क्रू आणि त्या कोडचा कागद एका डब्यात घालून माळ्यावर ठेवा. मूळ कप्लर शाबूत असेल तर गाडी विकायच्या दिवशी तो अर्ध्या तासात परत बसतो, आणि गिऱ्हाइकासमोर पायची वायरिंग समजावून सांगत बसावं लागत नाही.